बार्नबोचा रणगाडा आणि भंगाराची पावती

लीड्सच्या पूर्वेला क्रॉस गेट्स नावाचं एक उपनगर आहे. शहरातून बसने किंवा लोकलने जाता येतं. पर्यटकाने मुद्दाम जावं असं तिथे काहीच नाही. विटांची घरं, एक बाजारपेठ, एक रेल्वे स्टेशन. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो जुनं कपाट विकत घ्यायला! पीएच.डी.च्या काळात विद्यार्थ्यांचं फर्निचर असंच जमतं. कपाट विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे होते. चहा पाजला, मग कुठला, काय करतोस वगैरे चौकशी झाली. मी म्हटलं, यंत्र अभियांत्रिकी, घर्षण आणि झीज या विषयात संशोधन करतो. आजोबा एकदम खुलले. "मीही आयुष्यभर तेच केलं," म्हणाले, "फक्त माझ्याकडे पन्नास टनांचं यंत्र होतं."

आजोबा बार्नबोला फिटर होते, म्हणजे रणगाड्यांच्या कारखान्यात.

मंडळी, मी मूळचा नगरचा. (आता अधिकृत नाव अहिल्यानगर, पण आमच्या घरात फोनवर अजून 'नगर'च चालतं.) नगरचा पोरगा आणि रणगाडा हे नातं वेगळं सांगायला नको. तिथे लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर आहे आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेची सहल तिथे गेली नाही असा विद्यार्थी आमच्या पिढीत सापडणार नाही. आजोबांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं तेव्हा मी नाव वाचायच्या आधीच ओळखलं. सेंचुरियन! चौथीच्या सहलीत ज्याच्या साखळीला हात लावला म्हणून सरांनी कान पिळला होता, तोच.

त्या रात्री घरी फोन केला. बाबा म्हणाले, "अरे, म्हणजे आपला रणगाडा तुझ्या गावचा निघाला की!"

तो रणगाडा लीड्सहून निघून कुठे कुठे गेला हे शोधता शोधता मी वेगळ्याच विषयात जाऊन पडलो. युद्धात असलेल्या देशाला शस्त्रं विकू नयेत म्हणून जग बंदी घालतं. मग तो देश लढतो कशावर? याचं उत्तर जेम्स बॉन्डच्या सिनेमात नाही, ते बहुतेक वेळा पावत्या, परवाने आणि हमीपत्रं यांच्या फायलीत असतं.

आधी बार्नबोबद्दल थोडं सांगतो. पहिल्या महायुद्धात इथे तोफगोळे भरण्याचा मोठा कारखाना होता आणि कामावर बहुतेक बायका होत्या. ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री तिथे स्फोट झाला आणि ३५ बायका गेल्या. युद्धकाळातली सेन्सॉरशिप असल्याने बातमीही नीट छापली गेली नाही. त्यांचं स्मारक आज क्रॉस गेट्सला आहे. दुसऱ्या महायुद्धात याच परिसरात सरकारी रॉयल ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली आणि युद्धानंतर तिथे सेंचुरियन बनू लागला. सेंचुरियन इंग्लंडात आणखी दोन-तीन ठिकाणी बनत होता, पण लीड्स त्यातलं एक प्रमुख ठिकाण. एकूण चार हजारांच्या वर सेंचुरियन बनले आणि जगभर विकले गेले. स्वतंत्र भारतानेही ते पन्नासच्या दशकात घेतले.

पुढचं आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स ही पुण्याच्या नावाची पलटण सेंचुरियन घेऊन लढली. तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, त्याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत 'फामागुस्ता' नावाच्या सेंचुरियनमध्ये लढताना गेले. वय २१, जन्म पुण्याचा. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं आणि तो रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवला आहे.

इथवर छाती भरून येते. पण याच १९६५ च्या युद्धाची दुसरी बाजू मला इथे आल्यावर कळली.

युद्ध पेटल्यावर अमेरिका आणि ब्रिटनने शस्त्रपुरवठा थांबवला. पाकिस्तानची विमानं अमेरिकन, त्यामुळे त्याला मोठा फटका बसला. आता हे बघा. १९६६ साली पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाने ९० सेबर जातीची लढाऊ विमानं विकायला काढली. कागदावर खरेदीदार होता इराण. इराणवर कुठलीच बंदी नव्हती, म्हणून परवाना मिळाला. विमानं इराणला पोचली आणि तिथून पाकिस्तानात गेली. विचारणा झाल्यावर सांगण्यात आलं की ती दुरुस्तीसाठी तिकडे गेली आहेत. ९० विमानांची दुरुस्ती! हीच सेबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात होती. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला बोयराच्या आकाशात आपल्या नॅट विमानांनी जी पाडली ती यांच्यातलीच.

तुम्ही म्हणाल, पाकिस्तानच तो, असंच करणार. थांबा. हा व्यवहार जमवला गेरहार्ड मेर्टिन्स नावाच्या जर्मन दलालाच्या मेरेक्स या कंपनीने. त्याच सुमारास त्याच कंपनीने जर्मन नौदलाची २८ सी हॉक विमानं विकली. कागदावर ती इटलीला जाणार होती, पण जहाज इटलीला न थांबता भारतात आलं. सी हॉक हे आपल्या विक्रांतवरचं विमान. १९७१ मध्ये कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले करणारं आपलं अभिमानाचं विमान.

म्हणजे दुकानदार एकच. एका गिऱ्हाइकाची पावती इराणच्या नावाने फाडली, दुसऱ्याची इटलीच्या. पुढे जर्मनीत खटला झाला आणि मेरेक्सची माणसं सुटली, कारण सरकारी खात्यांना हे सगळं माहीत होतं असं निघालं. बंदी घालणाऱ्याचाच एक हात बंदी मोडायला मदत करत होता. हे पुन्हा पुन्हा दिसतं, म्हणून लक्षात ठेवा.

या दोन व्यवहारांत बंदी मोडायची पहिली रीत दिसते. तिसऱ्या देशाचं नाव. शस्त्र विकताना 'हे अंतिमतः कोण वापरणार' याचं प्रमाणपत्र घेतात. ते देणारा देश सज्जन असला की झालं. जहाज एकदा बंदर सोडून गेलं की मागोमाग बघायला कोण जातंय?

दुसरी रीत आहे वस्तूचं नाव बदलण्याची. इथे आपला सेंचुरियन पुन्हा येतो.

सत्तरच्या दशकात भारतीय लष्करात विजयंता आणि रशियन रणगाडे आले आणि सेंचुरियन निवृत्त होऊ लागले. निवृत्त रणगाड्याचं काय करतात? एखाद-दुसरा चौकात उभा करतात, बाकीचे भंगारात काढतात. त्या भंगारातले बरेच सेंचुरियन एका स्पॅनिश कंपनीमार्फत विकले गेले आणि दक्षिण आफ्रिकेत पोचले.

वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत! १९४६ मध्ये त्या देशाशी व्यापार तोडणारा जगातला पहिला देश भारत होता. आमच्या पासपोर्टवर वर्षानुवर्षं त्या देशात जायला मनाई होती. संयुक्त राष्ट्रांनी १९६३ मध्ये ऐच्छिक शस्त्रबंदी घातली आणि ४ नोव्हेंबर १९७७ रोजी ठराव क्रमांक ४१८ ने ती सर्वांना बंधनकारक केली. त्यासाठी सगळ्यात घसा कोरडा करणाऱ्यांत आपण होतो. आणि त्याच काळात आपले जुने रणगाडे 'भंगार' म्हणून तिकडे चालले होते.

दक्षिण आफ्रिका तेव्हा अंगोला आणि नामिबियात लढत होती. तिला नवा रणगाडा कुणी विकेना. गंमत म्हणजे तिच्याकडे आधी स्वतःचे सेंचुरियन होते, पण १९६० च्या सुमारास त्यातले शंभर तिने स्वित्झर्लंडला विकून टाकले होते. मग शोधाशोध सुरू झाली. १९७४ मध्ये जॉर्डनचे ४१ सेंचुरियन दलालामार्फत आले. मग आपल्याकडचे आले. आर्मस्कॉर या सरकारी कंपनीने त्यांचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, तोफ बदलली आणि त्याचं नाव ठेवलं ऑलिफंट, म्हणजे आफ्रिकान्स भाषेत हत्ती. १९८७-८८ मध्ये अंगोलात हे हत्ती रशियन बनावटीच्या टी-५५ रणगाड्यांशी लढले.

इंजिनियर म्हणून यातलं कौशल्य मला दिसतं, ते नाकारत नाही. रणगाड्यात सगळ्यात अवघड असतं ते जाड पोलादी कवच आणि ओतीव बुरूज. ते वीस वर्षांनीही तसंच राहतं. इंजिन, तोफ, दुर्बिणी बदलता येतात. म्हणून ज्याच्याकडे कारखाना आहे त्याला भंगारातला रणगाडा म्हणजे कच्चा माल. 'भंगार' हा शब्द विकणाऱ्याचा असतो, घेणाऱ्याचा नसतो.

हे मी त्या आजोबांना सांगितलं. (कपाटाच्या निमित्ताने सुरू झालेलं जाणं-येणं चालूच राहिलं होतं.) त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फाटकाबाहेर गेला की तो आमचा नव्हता." मला वाटलं, कारखान्यातल्या माणसाने आणखी काय म्हणावं? त्यांच्याकडे ड्रॉइंग येत होतं, ते त्याबरहुकूम बनवत होते.

पण बार्नबोची गोष्ट तिथे संपत नाही. सेंचुरियननंतर तिथे चीफ्टन बनू लागला आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं इराणचा शाह. १९७९ मध्ये तिथे क्रांती झाली आणि पुढची ऑर्डर बारगळली. शाहसाठी आखलेल्या एका नमुन्याचे रणगाडे थोडे बदल करून जॉर्डनला गेले आणि दुसऱ्यातून ब्रिटनचा स्वतःचा चॅलेंजर जन्मला. १९८० मध्ये इराण-इराक युद्ध सुरू झालं. ब्रिटनने धोरण ठरवलं की दोघांनाही 'प्राणघातक' सामान द्यायचं नाही, आणि १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये ते संसदेत जाहीरही केलं. आता मला सांगा, रणगाड्याचं इंजिन प्राणघातक की नाही? गिअरबॉक्सचा एक दात? रेडिओ? इंजिन स्वतः कुणाला मारत नाही हे खरं. पण इंजिनाशिवाय रणगाडा म्हणजे पन्नास टनांचा पेपरवेट! आठ वर्षांच्या त्या युद्धात लंडनचे अधिकारी अशाच शब्दांचा कीस पाडत बसले.

त्याच युद्धातली आणखी एक गोष्ट लीड्सपासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या शेफिल्डची. तिची सुरुवात मात्र दक्षिण आफ्रिकेतूनच होते.

जेराल्ड बुल हा कॅनडाचा तोफशास्त्रज्ञ. बुद्धी विलक्षण. अवकाशात उपग्रह रॉकेटऐवजी तोफेने उडवावा हे त्याचं स्वप्न. सरकारांनी पैसे बंद केल्यावर त्याने कंपनी काढली आणि लांब पल्ल्याची १५५ मिलिमीटरची तोफ आखली. दक्षिण आफ्रिकेला नेमकी तीच हवी होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या कंपनीने हजारो तोफगोळे कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटाच्या नावाने पाठवले. एवढ्याशा बेटाला इतके तोफगोळे कशाला? १९७७ मध्ये तिथल्या बंदरातल्या कामगारांना संशय आला आणि प्रकरण फुटलं. बुलने १९८० मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि काही महिने तुरुंगात काढले. पण तंत्र पोचलेलं होतं. दक्षिण आफ्रिकेने त्यावरून जी-५ ही तोफ बनवली आणि ऐंशीच्या दशकात इराकला विकली. त्याच आराखड्याची तोफ ऑस्ट्रियातल्या नोरिकम या कंपनीनेही बनवली. युद्धात असलेल्या देशाला शस्त्र विकायचं नाही असा ऑस्ट्रियाचा कायदा. म्हणून इराकच्या तोफा जॉर्डनच्या नावाने गेल्या आणि इराणच्या लिबियाच्या नावाने. एका युद्धात दोन्ही बाजूंना एकाच माणसाने आखलेली तोफ! मेर्टिन्सची आठवण झाली ना?

आता बुलची मजल सद्दाम हुसेनपर्यंत गेली. १९८८ मध्ये 'बॅबिलॉन' प्रकल्प सुरू झाला. एक मीटर व्यासाची आणि १५६ मीटर लांबीची तोफ. तिच्या नळीचे तुकडे शेफिल्ड फोर्जमास्टर्स आणि हेल्सोवेनच्या वॉल्टर सोमर्स या इंग्लिश कारखान्यांत बनले. कागदावर ते पेट्रोकेमिकल प्रकल्पाचे पाइप होते. २२ मार्च १९९० रोजी ब्रसेल्समध्ये राहत्या घराच्या दाराशी बुलचा गोळ्या घालून खून झाला. मारेकरी सापडला नाही. तीनच आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या टीसपोर्ट बंदरात कस्टम्सने शेवटचे आठ तुकडे पकडले. बहुतेक नळी तोवर इराकला पोचली होती. पकडलेल्या नळीचे दोन तुकडे आज पोर्ट्समथजवळच्या फोर्ट नेल्सनमध्ये बघायला मिळतात. तो किल्ला रॉयल आर्मरीज या संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचं मुख्य संग्रहालय आमच्या लीड्सला एअर नदीच्या काठी आहे.

मी फोर्ट नेल्सनला जाऊन ते तुकडे पाहिले. जाड भिंतीचे, फ्लँजने जोडायचे. वरवर पाहणाऱ्याला पाइपच वाटतील. पण पेट्रोकेमिकलच्या पाइपचा दाब आणि या भिंतीची जाडी यांचा मेळ बसत नाही, हे कुणाही यंत्र अभियंत्याला दहा मिनिटांच्या आकडेमोडीत कळेल. आणि ते कळलंही होतं. वॉल्टर सोमर्सकडे शंका आली होती आणि त्यांनी आपल्या खासदारामार्फत सरकारला १९८८ मध्येच विचारलं होतं. विचारणाऱ्याने विचारलं, पण ऐकणाऱ्याने ऐकलं नाही. शेवटी कुणालाच शिक्षा झाली नाही.

त्याच काळात कॉव्हेंट्रीची मॅट्रिक्स चर्चिल ही लेथ बनवणारी कंपनी इराकला यंत्रं पाठवत होती. अर्जात लिहायचं 'सर्वसाधारण अभियांत्रिकी'. लेथ बिचारा काय, मोटारीचा भाग कातेल, नाहीतर तोफगोळ्याचं कवच कातेल. कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला आणि १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये तो कोसळला, कारण माजी मंत्री ॲलन क्लार्क यांच्या उलटतपासणीत निघालं की सरकारला खरा वापर ठाऊक होता. कंपनीचा प्रमुख तर ब्रिटिश गुप्तहेर खात्याला माहिती पुरवत होता! मग सर रिचर्ड स्कॉट या न्यायाधीशांची चौकशी बसली आणि १९९६ मध्ये जाडजूड अहवाल आला. सरकारने १९८८ च्या शेवटी नियम गुपचूप सैल केले आणि संसदेला सांगितलं नाही, हे त्यात स्पष्ट झालं.

एवढं वाचल्यावर वाटेल की बंदी म्हणजे नुसता देखावा. मलाही बरेच दिवस तसं वाटत होतं. आणि त्यात आपला भारतीय अनुभव भर घालतो. अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या चमूने परम ८००० उभा केला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप होत्या. त्या उघड बाजारात मिळत होत्या, कुणाचं नाव बदलावं लागलं नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पुन्हा निर्बंध आले, तेही आपण पचवले. आमच्या पिढीच्या मनात 'निर्बंध' या शब्दाला 'गोऱ्यांची दादागिरी आणि आपली जिद्द' एवढाच अर्थ आहे.

पण दक्षिण आफ्रिकेची गोष्ट पुढे वाचली की चित्र थोडं बदलतं. भंगारातून रणगाडा होतो, लढाऊ विमान होत नाही. १९७७ नंतर त्यांना नवं लढाऊ विमान कुणी विकलं नाही. १९८७-८८ पर्यंत अंगोलात क्युबन वैमानिकांच्या मिग-२३ पुढे त्यांची जुनी मिराज थकली. १९८८ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेने नामिबिया सोडायचा करार केला. त्याला कारणं बरीच, पण आकाश हातातून निसटणं हे त्यातलं एक महत्त्वाचं. म्हणजे बंदीने युद्ध थांबत नाही, पण प्रत्येक वस्तू महाग होते, उशिरा येते, जुनी येते. आणि ज्या वस्तूला दुसरं नाव देता येत नाही ती येतच नाही.

अडचण अशी की आता बहुतेक वस्तूंना दुसरं नाव देता येतं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केल्यानंतर लंडनच्या रुसी या संस्थेने २७ रशियन शस्त्रप्रणाली तपासल्या. त्यात सुमारे ४५० परदेशी भाग सापडले, बहुतेक अमेरिकन कंपन्यांचे. यातल्या कितीतरी चिप साध्या, घरगुती यंत्रातही चालतील अशा. त्या तिसऱ्या देशातल्या व्यापाऱ्यांमार्फत जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने रशियाला मदत केल्याच्या आरोपावरून सुमारे ४०० नावांवर निर्बंध घातले. त्यात १९ भारतीय कंपन्या होत्या. आपल्या कंपन्यांनी भारतीय कायदा मोडलेला नाही, असं आपल्या सरकारने सांगितलं. इराण, इटली, स्पेन, अँटिग्वा, जॉर्डन यांच्या रांगेत आता आपलंही नाव निघू लागलं.

हे सगळं मी इतिहास म्हणून वाचत होतो. मग एके दिवशी ते माझ्याच टेबलावर आलं.

पीएच.डी. झाल्यावर मी एका छोट्या कंपनीत लागलो. आम्ही खास प्रकारची, फार वेगाने फिरणारी बेअरिंग बनवतो. बेअरिंग म्हणजे जगातली सगळ्यात निरुपद्रवी वस्तू, सायकलीतही असते. पण एका ठरावीक अचूकतेच्या पुढचं बेअरिंग निर्यात नियंत्रणाच्या यादीत येतं. मागच्या वर्षी एका तिसऱ्याच देशातल्या व्यापाऱ्याची चौकशी आली. वापर लिहिला होता कापड गिरणीतल्या चात्यांसाठी. तांत्रिक मत द्यायला कागद माझ्याकडे आला. आमच्या चुलत्यांनी इचलकरंजीत मागावर आयुष्य काढलं, त्यामुळे सूतगिरणीत काय लागतं याची मला थोडी कल्पना आहे. ती अचूकता सूत कातायला लागत नाही. शिवाय त्यांना निर्वात जागेत चालणारं वंगण हवं होतं. निर्वातात कुठली गिरणी चालते?

विक्री विभागातला सहकारी म्हणाला, आपण नाही दिलं तर दुसरा कुणी देईल. खरंच देईल. ऑर्डर लहान नव्हती आणि कंपनीचं वर्ष वाईट चाललं होतं. माझ्या मनात दुसराही एक विचार आला, तो लपवत नाही. ते ज्या देशात शेवटी जाणार असेल तिथेही कुणी भटकर असेल का? बंदी घालणारे नेहमी बरोबरच असतात असं थोडंच आहे? सी हॉक विमानं इटलीच्या नावाने आली नसती तर १९७१ मध्ये विक्रांतवर काय असतं?

मी दोन दिवस कागद ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी तांत्रिक मताच्या रकान्यात लिहिलं: 'दिलेली अचूकता आणि वंगण नमूद केलेल्या वापराशी जुळत नाही. ग्राहकाने यंत्राचा प्रकार आणि फेऱ्यांचा वेग कळवावा.' बस, एवढंच. कोण बरोबर, कोण चूक यावर काही नाही. ते ठरवायचा माझा अधिकार नाही आणि तेवढी अक्कलही नाही. पण पाइप आहे की तोफ, चाती आहे की आणखी काही, हे मला कळत होतं. ज्याला कळतं त्याने कळलं नाही असं लिहू नये, इतकंच मला झेपलं.

त्या व्यापाऱ्याचं उत्तर कधीच आलं नाही. सहकारी आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. ती बेअरिंग कुणीतरी दिलीच असतील.

हेही मी आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्हाला कुणी असा रकाना दिला नव्हता." त्यांचं खरं आहे. फिटरच्या हातात फक्त ड्रॉइंग होतं. वॉल्टर सोमर्सच्या लोकांनी रकाना नसताना विचारलं, म्हणून मला त्यांचं जास्त कौतुक वाटतं.

बार्नबोचा कारखाना १९९९ साली बंद झाला. आजोबाही आता नाहीत. त्यांचं कपाट माझ्याकडे आहे आणि त्याची दारं अजून कुरकुर न करता उघडतात. फिटरचा हात!

असो. पुढच्या वेळी नगरला गेलात तर रणगाड्यांचं संग्रहालय बघाच. सेंचुरियनपाशी जरा जास्त वेळ थांबा. तारापोर आणि खेत्रपालांची आठवण तर करालच. पण त्याचे जे भाऊ भंगाराच्या पावतीवर समुद्रापार गेले आणि ज्यांच्याविरुद्ध आपण भाषणं करत होतो त्यांच्या बाजूने लढले, त्यांचीही एकदा करा.